शाल, श्रीफळ आणि संरक्षण

समजा, उद्या तुम्ही खासदार झालात. हसू नका. तिकीट कुणाला मिळणार हे हल्ली ज्याला मिळतं त्यालाही आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं. तर निवडून आलात, दिल्लीत घर मिळेपर्यंत महाराष्ट्र सदनात मुक्काम टाकलात आणि एक दिवस पत्र आलं की तुम्हाला संरक्षणविषयक स्थायी समितीवर घेतलं आहे. घाबरायचं कारण नाही. आधी मतदारसंघात बॅनर लावून टाका. मागे रणगाडा, वर दोन लढाऊ विमानं, पुढे हात जोडून तुम्ही. बाकी समितीत काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, ते मी सांगतो.

समितीत 31 जण असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. अशा समित्या 1993 साली निघाल्या. कल्पना अशी की सभागृहात आरडाओरड्यात जे विचारता येत नाही ते बंद दाराआड, पक्षाचा झेंडा बाहेर ठेवून, निवांत विचारावं. कल्पना चांगली आहे, म्हणूनच तिच्यापासून जपून राहायचं. समोर संरक्षण सचिव येतात, तिन्ही दलांचे अधिकारी येतात. मंत्री येत नाहीत, त्यामुळे कुणाची पंचाईत होत नाही. तुमच्यापुढे आकड्यांचं एक जाडजूड बाड ठेवलेलं असेल. ते घरी नेऊन दर्शनी कपाटात ठेवा, पाहुण्यांवर छाप पडते. नोंदवहीत सही मात्र विसरू नका. दिवसाचा भत्ता 2,500 रुपये आहे आणि तो सहीवर मिळतो, प्रश्नावर नाही.

खरा धोका कुठे आहे सांगतो. कधीकधी अधिकारी खरं बोलतात.

2018 साली असंच झालं. लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीपुढे सरळ सांगून टाकलं की यंदाच्या अर्थसंकल्पाने आमच्या आशांवर पाणी फिरवलं. लष्कराच्या सामग्रीपैकी 68 टक्के ‘व्हिंटेज’, 24 टक्के आजच्या काळातली आणि 8 टक्के अत्याधुनिक. खरं तर तिन्हींचा वाटा साधारण एक-तृतीयांश हवा. व्हिंटेज हा शब्द मुंबईतल्या जुन्या मोटारींच्या रॅलीत कानाला किती गोड लागतो! तिथे लोक कौतुकाने फोटो काढतात. सीमेवर तसे हौशी प्रेक्षक नसतात. पुढचा हिशेब तर अगदी घरगुती आहे. आधुनिकीकरणासाठी मिळाले 21,338 कोटी आणि आधीच करून ठेवलेल्या करारांचे हप्ते होते 29,033 कोटी. पगार एकवीस, हप्ते एकोणतीस आणि वर टेबलावर नव्या फ्रीजचं कोटेशन.

समितीचे अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी. सत्ताधारी पक्षाचे खासदार, उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री, पण मुळात निवृत्त मेजर जनरल. पक्षाचं पथ्य आणि फौजेची सवय एकाच अंगात असली की एक कुठलं तरी मोडतं. इथे पथ्य मोडलं. सगळं अहवालात जसंच्या तसं छापून आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची फेररचना झाली आणि अध्यक्षपदी कलराज मिश्र आले. या गोष्टीचा त्या गोष्टीशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. फक्त दोन्ही बातम्यांची कात्रणं एका फाइलीत ठेवू नका, एवढंच.

समजा, तरीही तुमच्या हातून एखादी शिफारस होऊन गेली. तरी काही बिघडत नाही, शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. सरकार तिला उत्तर देतं आणि त्या उत्तरांचा समिती पुन्हा अहवाल काढते. त्यात शिफारशींची प्रतवारी असते. सरकारने मान्य केलेल्या, सरकारचं उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटलेल्या आणि अंतिम उत्तर अजून यायचं आहे अशा. तुमचा सगळा जीव दुसऱ्या प्रतीत असू द्या. शेजाऱ्याने नेलेली शिडी मागायला आपण जातो, चहा होतो, गप्पा होतात आणि शिडी न घेता आपण समाधानाने परत येतो. तोच हा प्रकार. शेजारधर्म टिकतो.

समितीतून निभावलात की सभागृहातलं काम अगदीच हलकं. 2018 चे ते अहवाल मार्चमध्ये आले आणि त्याच आठवड्यात, 14 मार्चला, लोकसभेने सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या आणि वित्त विधेयक सुमारे अर्ध्या तासात, चर्चा न करता, गोंधळातच आवाजी मतदानाने मंजूर केलं. याला गिलोटिन म्हणतात. फ्रान्समध्ये त्याने मुंडकी उडत. आपल्याकडे प्रश्न उडतात आणि रक्ताचा थेंब सांडत नाही. त्या अर्ध्या तासात संरक्षणाचे, निवृत्तिवेतन धरून, 4 लाख कोटींच्या वर रुपये पार झाले. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या झाकणावर दीड तास चर्चा झाली होती आणि शेवटी झाकण आणलंच नाही. तेव्हा लोकशाही कुठे जास्त आहे ते तुम्हीच ठरवा. 2025-26 मध्ये संरक्षणाचा आकडा 6.81 लाख कोटींवर गेला आहे. टाकीच्या झाकणाच्या दराने त्यावर बोलायला बसलो तर हयात पुरायची नाही.

आता एक सापळा सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी अभ्यासू माणूस तुम्हाला त्यात ढकलेल. कपात सूचना नावाचं एक जुनं संसदीय हत्यार आहे. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर ‘ही मागणी 100 रुपयांनी कमी करावी’ अशी सूचना द्यायची. धोरणच पसंत नसेल तर ‘ही मागणी 1 रुपयावर आणावी’ म्हणायचं. पैसे कापायचे नसतातच, त्या निमित्ताने सरकारला उत्तर द्यायला उभं करायचं असतं. पण रात्री नऊच्या चर्चेत काय दिसेल याचा विचार करा. ‘सैनिकांच्या बजेटला कात्री लावायला निघालेला खासदार!’ तुमच्या फोटोभोवती लाल वर्तुळ, बाजूला शेजारी देशाचा झेंडा. शंभर रुपयांत एवढी बदनामी दुसरीकडे कुठे मिळत नाही. नका देऊ.

सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवालही जरा लांबूनच पाहावेत. फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत मांडला गेलेला एक अहवाल मी वाचायची चूक केली. सियाचीन-लडाखसारख्या उंचीवरच्या जवानांचे कपडे, सामान आणि शिधा यांचा त्यात हिशेब आहे. तिथे गॉगल म्हणजे माथेरानला नाकावर चढवतो तो नव्हे. बर्फावरून उलटणारं ऊन डोळे अक्षरशः भाजून काढतं. त्या गॉगलचा तुटवडा 62 ते 98 टक्के. नोव्हेंबर 2015 ते सप्टेंबर 2016 या काळात खास बूट आलेच नाहीत, म्हणून वापरलेले बूट पुन्हा चालवून घेतले. मास्क, जॅकेट, स्लीपिंग बॅग जुन्या बनावटीच्या. शिध्याची तर गंमतच आहे. ठरलेला पदार्थ नसेल तर त्याच्या बदली दुसरा द्यायचा, पण किंमत तेवढीच ठेवून. रुपयाला रुपया चोख जुळला. उष्मांक मात्र काही ठिकाणी तब्बल 82 टक्क्यांनी घटले. हिशेबनिसाचं पोट भरलं, जवानाचं राहिलं.

असं काही वाचनात आलं तर काय करायचं? काही नाही. थांबायचं. लेखापरीक्षणाचा काळ दोन-तीन वर्षं जुना असतो, त्यामुळे ‘आता परिस्थिती सुधारली आहे’ हे उत्तर अहवालाच्या आधीच तयार असतं. परिस्थिती नेहमी अहवालाच्या जरा पुढेच सुधारत असते. आणि दिवाळीला तिकडे पेढे घेऊन जाता आलं तर जरूर जा. गॉगल घालून फोटो काढा.

प्रश्न विचारायची खाज फारच सुटली तर तारांकित प्रश्न टाका. चिठ्ठीत नंबर लागायला हवा, दिवसाला 20 प्रश्न, त्यातले तोंडी उत्तरापर्यंत पोचतात चार-सहा. त्यातून पोचलातच तर ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने ही माहिती उघड करणं इष्ट नाही’ हे वाक्य आहेच. या वाक्याला वय नसतं. 1962 च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तेव्हा हिमालयाच्या मदतीला आपला सह्याद्री धावला होता. संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी 2 सप्टेंबर 1963 रोजी लोकसभेत त्या अहवालाचं सार सांगितलं आणि अहवाल मात्र देशहितासाठी बंद ठेवला. तेव्हा जखम ओली होती, समजून घेता येतं. 2010 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की अहवालातला मजकूर आजही लष्करी कारवाईच्या दृष्टीने मोलाचा आहे. 47 वर्षांनी! 1962 चे बूट 2010 मध्ये कुणी घातले नसते, पण 1962 ची गुपितं अगदी नवी कोरी. पुढे 2014 मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. आता तो साऱ्या जगाला वाचता येतो. फक्त आपल्या संसदेला तो कुणी अधिकृतपणे दाखवलेला नाही.

त्याच 1962 मध्ये युद्ध चालू असताना लोकसभेत 8 ते 14 नोव्हेंबर चर्चा झाली, लोक सरकारला तोंडावर बोलले, हे तुमच्या पक्षातल्या कुठल्याही पोरासमोर काढू नका. त्याला वाटेल तुम्ही बनवून सांगताय. डिसेंबर 2022 मध्ये तवांगजवळची चकमक झाली, तेव्हा निवेदन झालं, चर्चा झाली नाही. निवेदनाचा फायदा असा की ते वाचून खाली बसता येतं.

धोरण बदलायचं असेल तर आणखी सोपं. अधिवेशन नसताना बदला. अग्निपथची घोषणा 14 जून 2022 ची, पावसाळी अधिवेशन 18 जुलैचं. चार वर्षांची भरती, पुढे 25 टक्क्यांनाच कायम जागा. फौजेची घडण बदलणारी गोष्ट, आणि सभागृहाला वर्तमानपत्रातून कळली. योजना चांगली की वाईट यावर बोलायला खेड्यापाड्यांतली पोरं आहेतच की, पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावताना.

आणि तरीही एखाद्या समितीचं काम फारच मनावर घेतलं गेलं तर व्याख्या सांभाळा. माजी सैनिकांच्या ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ची व्याख्या राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर 2011 मध्ये नीट लिहून दिली होती. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, तेच, पुढे आपल्या राजभवनात आलेले. पुढे कधीही वाढ झाली की ती जुन्या पेन्शनरलाही आपोआप मिळावी, असं त्यात होतं. 2015 मध्ये आदेश निघाला, नाव तेच राहिलं, ‘आपोआप’च्या जागी ‘दर 5 वर्षांनी’ आलं. पाटी जुनी, माल नवा.

राहता राहिला 26 जानेवारी. त्या दिवशी तुम्हाला माजी सैनिकांच्या सत्काराला बोलावतील. माझे चुलते तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सातारा जिल्ह्यात राहतात. गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सत्काराच्या 14 शाली आहेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. काकू म्हणते, ह्या सियाचीनला पाठवल्या असत्या तर एक चौकी निघाली असती. नारळांची ती वडी करते. तोफांनी आबांचा एक कान नेलाय, त्यामुळे ते बोलतात मोठ्याने. मागच्या खेपेला चौदावी शाल घालायला खासदारसाहेब आले, तेव्हा आबांनी विचारलं, “साहेब, आमच्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्या तीन महिने नाहीत. बाहेरून घेतो त्याचं बिल कधी मिळतं?”

साहेबांनी दोन्ही हातांनी आबांचा हात धरला. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, “आबा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही शांत झोपतो.”

“झोपताय ते दिसतंय,” आबा म्हणाले.

माईक चालू होता. म्हणून शेवटचं सांगतो, सत्काराच्या वेळी माईक आपल्याच हातात ठेवा.