मेथीवालीला कोणी ‘मज’ म्हणतं का?

आमच्या छोटीच्या कॉमिकमधली एक बाई बुधवार बाजारात मेथी घेत होती आणि मेथीवालीशी बोलताना स्वतःला ‘मज’ म्हणत होती. मी लाल पेनानं त्याचं ‘मला’ केलं. पुढच्या चौकटीत पिशवी धरून उभा असलेला नवरा म्हणाला ‘तुजविण’. त्याचं ‘तुझ्याशिवाय’ केलं. ‘नयनी’चं ‘डोळ्यांत’ केलं. संवादाच्या एका फुग्यात क्रियापद मधोमध लोंबकळत होतं, ते उचलून वाक्याच्या शेवटी नेऊन बसवलं. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. क्रियापदानं कुठं बसायचं ते मला कळतं.

रात्री साडेअकराला फोन आला. ‘‘काकाजी, हे काय करून ठेवलं तुम्ही? ते गाणे होते नं!’’

‘‘कोणतं गाणं?’’

‘‘सगळेच! सात फुगे, सात गाणे. सातही मारले तुम्ही.’’

छोटी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची मुलगी. दिवसा नोकरी करते, रात्री टॅबलेटवर कॉमिक काढते आणि इंटरनेटवर टाकते. त्यातली माणसं साधं बोलता बोलता गाण्याची ओळ सरकवून देतात. अवतरणचिन्ह नाही, फुग्याला लाटांची कड नाही, सुरांची ती शेपटीवाली खूण तर नाहीच नाही. ज्याला कळलं तो हसेल, बाकीचे मेथी घेऊन घरी जातील. तिकडे एक्सकेसीडी म्हणून काड्यांच्या माणसांचं कॉमिक २००५ पासून चालू आहे, त्यात चित्रावर माऊसचा बाण ठेवला की दडवलेलं वाक्य दिसतं. ‘‘लपवण्यातच मजा आहे काकाजी,’’ असं छोटीचं म्हणणं.

मी भांडलो. म्हटलं, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे १८८० पासून, आपल्याकडे पात्रं बोलता बोलता गात आली आहेत. पण आधी वाद्यांचा सूर लागतो, प्रेक्षक सावरून बसतो. तुझ्या कागदाला कुठं आहे चाल?

‘‘चाल वाचकानं घरून आणायची,’’ ती म्हणाली.

हे वाक्य मला फार आवडलं. तिला सांगितलं नाही.

मला एकही गाणं ओळखू आलं नाही, याला कारण आहे. छापखान्यात दिवसभर रेडिओ असायचा. विविध भारती १९५७ची, आमचं ट्रेडल मशीन बहुतेक तिच्याही आधीचं. त्याच्या खडखडाटात शब्द वाहून जायचे, चाल तेवढी उरायची. म्हणजे हजारभर गाण्यांच्या चाली माझ्याजवळ आहेत आणि शब्द एकाचेही नाहीत. छोटीच्या कॉमिकात नेमकं उलटं.

मग तिनं मला शिकवायला घेतलं. चंद्र असलेली ओळ वापरायची नाही. मेथीच्या जुडीशेजारी चंद्र येऊन बसला की चोरी पकडली जाते. ओळ अशी हवी की आपल्या ऑटोवाल्याच्या तोंडीही शोभली पाहिजे. थांब, उशीर झाला, कुठं चाललास, असल्या वळणाची. हिंदी ओळींना तर नागपुरात रान मोकळं. पुण्यातलं पात्र मधेच हिंदी बोललं तर वाचक दचकेल. आमच्या बर्डीच्या बाजारात माणूस मराठीत भाव विचारतो, हिंदीत घासाघीस करतो आणि पुन्हा मराठीत पैसे मोजतो. सांधा दिसतच नाही.

यातली एकही ओळ मी इथं देणार नाही. एक तर गीतकार गेल्यावरही साठ वर्षं शब्दांवर हक्क राहतो, असं आपला १९५७चा कायदा सांगतो. (हो, तेच साल. त्या वर्षी लोकांना गाणी ऐकवायचीही सोय झाली आणि चोरली तर धरायचीही.) दुसरं म्हणजे ओळ वाचली की दिवसभर तुमच्या डोक्यात फिरेल, आणि ते पाप मला नको. माझ्या डोक्यात सध्या चार फिरून राहिल्या आहेत.

कारण शिकवणीचा परिणाम असा झाला की मला साधं बोलणं ऐकूच येईना. एप्रिलात पारा ४४ वर आणि कूलरची मोटर जळालेली. मिस्त्रीला विचारलं, बाबा, केव्हा येशील? तो हिंदीत जे काही म्हणाला ते मी शब्दशः धरलं आणि ओला पंचा डोक्यावर टाकून संध्याकाळपर्यंत दारात बसलो. छोटीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘काकाजी, त्या गाण्यात तर शेवटपर्यंत कोणीच येत नाही.’’

यावरून धडा घेतला. चारच दिवसांनी भेंडी चिरता चिरता बायको म्हणाली, ‘‘जाऊ द्या, माझ्याशी बोलूच नका आता.’’ मी खूष झालो. छान लय होती, चंद्र नव्हता. हे कोणत्या सिनेमातलं म्हणून रात्री अकरापर्यंत आठवत बसलो, मधून मधून तिच्याकडे बघून ओळखीचं हसतही होतो. दोन दिवसांनी कळलं, ते गाणं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुद्दाम इतवारीत जाऊन गर्दीत उभा राहिलो. मारबतीची, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक समोरून जाताना लोक नको असलेलं सगळं तिच्या हवाली करतात: खोकला, महागाई, पुढारी. मी हात वर करून ओरडलो, ‘‘डोक्यातलं गाणं घेऊन जा गे मारबत!’’ बाजूच्या पोरांना चाल आवडली. पुढं चौकापर्यंत त्यांनी तेच चालवलं, आणि आता चारात ही पाचवी.

गेल्या महिन्यात महालातले आमचे जुने शेजारी वारले. ऐंशी पार केलेले, भला माणूस. भेटायला मी आणि छोटी मेट्रोनं निघालो. अशा ठिकाणी तोंडून भलतं काही जायला नको म्हणून मी आधीच एक वाक्य जुळवलं. माणूस जातो, मागं काय उरतं, अशा अर्थाचं. चंद्र नव्हता, ‘मज’ नव्हतं, क्रियापद शेवटी. डब्यात दोनदा मनात म्हणून पाहिलं. स्वच्छ होतं.

काकू सतरंजीवर बसल्या होत्या, बाजूला त्यांची बहीण. मी हात जोडले आणि वाक्य म्हटलं. छोटीला एकदम ठसका लागला. तिनं ओढणी तोंडावर धरली, खांदे हलून राहिले होते. मला घाम फुटला.

काकूंनी मान वर केली. ‘‘अंतरा काहून धरला तुम्ही? आधी धृपद असते नं.’’

आणि त्यांनी धृपद म्हटलं. चाल नाही, काही नाही, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणावं तसं. ‘‘यांना फार आवडे. आंघोळीला गेले की हेच.’’

‘‘चुकलं तुझं,’’ बहीण म्हणाली. ‘‘तिथं ‘मला’ आहे.’’

‘‘‘मला’ नाही, ‘मज’ आहे.’’

‘‘बाप्पा, मी काय रेडिओ ऐकला नाही? ‘मला’च आहे.’’

दोघी हटेनात. सुनेनं आणलेला चहा थंड होऊन राहिला होता. शेवटी काकू माझ्याकडे वळल्या. ‘‘तुम्ही तर छापखान्यात होते नं भाऊ. सांगा बरं इले, काय आहे ते.’’

छोटीनं ओढणी खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘‘मज’,’’ मी म्हणालो.