थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते

कडी तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा आतून बाईंचा आवाज आला, "थांबा जरा, लेकराला अंघोळ घालायलेय."

वरून पाऊस. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाच वर्षांची लेक. लेकीनं मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबा, आपण काऊ आहोत का?"

दुसऱ्या कुणाच्या लेकीनं विचारलं असतं तर मी हसलो असतो. लातूरला बदली झाल्यापासून बघितलेलं हे अकरावं घर होतं. दहावीचा निकाल लागला की मराठवाडाभरची पोरं गाद्यांच्या वळकट्या घेऊन इथं उतरतात. ट्यूशन एरियातल्या मालकांनी खोली चौरस फुटांत मोजणं केव्हाच सोडलंय. खोली कॉटमध्ये मोजतात. दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट आणि प्रत्येक कॉटचं भाडं वेगळं. मी, बायको आणि लेक मिळून एकच भाडं देणार, म्हणजे आम्ही तीन कॉटांचं नुकसान.

ओट्यावर बाजेवर एक आबा बसले होते. मालकीणबाईंचे सासरे असावेत. बराच वेळ ते मला नुसते बघत होते.

"काय बगायलाव?"

"खोली."

"किती कॉट?"

"कॉट नाही आबा, फॅमिली आहे."

मी दारात हत्ती बांधायची परवानगी मागितल्यासारखा आबांचा चेहरा झाला. "फॅमिली म्हंजे दिवसभर घरातच की. पानी लागंल. पोरं बरी. सकाळी सातला जातेत, रातच्याला येतेत, अंघोळ बी रोज करीत नाईत."

यावर बोलायची सोय नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं अंघोळ न करणारा भाडेकरू म्हणजे देवमाणूसच. तरी आत बाळाची अंघोळ ऐकू येत होती. चांगली बादलीभर चालली होती.

वेळ जावा म्हणून लेकीनं आबांना गोष्ट सांगायला घेतली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला, काऊचं घर गेलं वाहून.

"थांब," आबा म्हणाले. "मोठा म्हंजे किती?"

लेकीनं दोन्ही हात पसरले.

"तसं नाय. मंडळात नोंद किती? पासष्टच्या वर झाला का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. चौसष्ट झाला तर तो नुसताच पाऊस, मग तुमचं सोयाबीन नाल्यात का तरंगेना. आणि पर्जन्यमापक असतो दुसऱ्याच गावात, जिथं त्या दिवशी ऊन पडलेलं असतं. एक वर्ष माझ्या सासऱ्यांच्या शेताच्या बांधापर्यंत अतिवृष्टी झाली होती. बांधाच्या अलीकडे, सरकारी हिशेबानं, रिमझिम.

"पंचनामा केला का तलाठ्यानं?" आबांनी लेकीला विचारलं. "फोटू काढला का पडल्या घराचा? नाय ना? मंग काऊला काय मिळत नसतंय बग."

लेक हिरमुसली. आबा मात्र रंगात आले होते. "आन् मेणाचं घर! मे महिन्यात आलती का कधी ती चिमनी लातूरला? दुपारच्याला खाली ओघळंल सगळं, लेकराबाळासकट."

हे मला पटलं. लहानपणापासून पटतंय, बोलायला कुणी मिळालं नव्हतं. या गोष्टीतलं घरबांधणीचं खातं सगळं खोटं आहे. कावळा काड्याकाटक्या, मिळाली तर तार ओढून आणून झाडावर स्वतःचं घर बांधतो. चिमणी वळचणीत, मीटरच्या पेटीमागं, फोटोच्या मागं घुसते. म्हणजे मुळात भाडेकरू तीच. कोकिळा बिनडिपॉझिटची, बिनभाड्याची अंडी ठेवून जाते तीही कावळ्याच्याच घरट्यात. तो बिचारा आडनाव न विचारता पिल्लं वाढवतो. असं असताना शेणाचं घर त्याच्या नावावर कुणी लावलं? मला तरी ही गोष्ट एखाद्या घरमालकानं रचल्यासारखी वाटते. भिजणाऱ्याला दारात उभं करायचं, आतून अंघोळ, काजळ, टीट असं एकेक काढायचं, वर पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी चिऊला शहाणी म्हणायचं.

"आमचं माळवद व्हतं," आबा एकदम म्हणाले. "किल्लारीकडं. दोन-दोन फुटाच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. दरसाल माती चढवायची गळू नये म्हनून. उन्हाळ्यात असं गार, की बास. त्र्याण्णवच्या गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटं, तेच अंगावर आलं."

मी छत्री मिटली. का मिटली कुणास ठाऊक, पाऊस चालूच होता. ती बाजेला टेकवून मी ओट्याच्या कडेला बसलो.

"पुढं पत्र्याच्या शेडात काढली वर्षं. कुनाच्या बी दारात जाऊन हुबं राहायचं. त्या टायमाला आमी बी काऊच की," आबा लेकीला म्हणाले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला. माझ्या मनात आलं, मिळाली खोली. हा माणूस देणार. पडदे कुठले लावायचे इथवर मी पोचलो होतो.

"आडनाव काय म्हणलाव?"

मी म्हणालो नव्हतो. सांगितलं.

आबांचा हात लेकीच्या डोक्यावरच थांबला. "म्हंजे कोन?"

"म्हंजे म्हंजे काय?"

"तसं नाय. आपलं विचारायचं म्हनून."

हा 'आपलं विचारायचं म्हनून' मी अकरापैकी सात दारांत ऐकलाय. दोन ठिकाणी त्याच्या जोडीला 'खाता का' असतं. काय, ते कुणी सांगत नाही. आमचं आडनावही वाईट आहे, चार-पाच जातींत सापडतं, त्यामुळे समोरच्याचं समाधान होत नाही आणि मी करत नाही. बायको म्हणते सांगून टाकायचं, जे व्हायचं ते होईल. मी म्हणतो, भाडं विचारा, पगाराची स्लिप बघा, लेक भिंतींवर रेघोट्या मारते का ते विचारा. मारते. खडूनं, पेन्सिलीनं आणि एकदा लिपस्टिकनं. त्याचं खरं उत्तर द्यायला मी तयार आहे.

तेवढ्यात दार उघडलं. टॉवेलात गुंडाळलेलं, टीट लावलेलं, टवटवीत बाळ कडेवर घेऊन बाई उभ्या होत्या. त्यांनी आधी आबांकडे बघितलं. आबांनी मान किती हलवली म्हणाल, तर गळ्याचं उपरणं तेवढं हललं.

"खोली सकाळीच गेली बगा," बाई म्हणाल्या. "चार पोरी आल्यात औशाच्या."

पाटी तशीच लटकत होती. 'रूम भाड्याने देणे आहे', खाली खडूनं 'फॅमिली चालेल'. लेकीला आता वाचता येतं, ही वेगळीच भानगड.

रिक्षा औसा रोडला लागली तेव्हा लक्षात आलं, छत्री बाजेपाशीच राहिली. चांगली होती, सासऱ्यांनी दिलेली. आणायची तर परत जाऊन कडी वाजवावी लागणार, आणि संध्याकाळी बाळाची मालिश असणार.