घशात हाड अडकलंय? आधी हात मागे घ्या

"कुत्रा ठसकत असेल, लाळ गळत असेल तर घशात हाड अडकलंय समजा. जबडा उघडून बोटाने काढा. नाही निघालं तर भाताचा गोळा गिळायला लावा, वर आपलंच खोकल्याचं औषध अर्धा चमचा पाजा." हा सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तो पाळून कुत्र्याला इजा होऊ शकतेच, पण त्यातल्या एका वाक्यापायी माणसाचा जीव जाऊ शकतो.

"हाड अडकलंय समजा" इथूनच चूक सुरू होते. असा वाटणारा खोकला बहुतेकदा केनेल कफचा, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणाऱ्या खोकल्याचा असतो. कोरडी, भोंग्यासारखी उबळ येते, शेवटी मान पुढे काढून ओकारी आल्यासारखं होतं, थोडा पांढरा फेस पडतो आणि लगेच स्वारी शेपटी हलवत वाटीकडे. मागच्या 2 ते 14 दिवसांत तो बोर्डिंगला, ग्रूमिंगला किंवा इतर कुत्र्यांत गेला होता का, ते आठवा. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत श्वासनळीच्या कूर्चेच्या कड्या सैल पडून नळी चपटी होते. त्यांचा खोकला बदकाच्या ओरडण्यासारखा असतो आणि गळपट्टा ओढला की वाढतो. त्यांना छातीवरून बांधायचा हार्नेसच हवा.

श्वासमार्ग खरोखर पूर्ण बंद झालेल्या कुत्र्याला खोकताच येत नाही. आवाज बंद, पंजाने तोंड ओरबाडणं, हिरड्या निळसर. खोकल्याचा आवाज येतोय तोवर हवा आत-बाहेर होतेय.

आता "बोटाने काढा". पिसाळलेला कुत्रा म्हणजे चावत सुटलेला, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण रेबीजच्या मुक्या प्रकारात घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गिळता येत नाही म्हणून गळते, भुंकणं घोगरं होतं, पाणी प्यायला जातो आणि ते तोंडातून सांडतं. घरच्यांना वाटतं, हाड अडकलं. ते हात घालतात, आणि विषाणू त्याच लाळेत असतो. नखाच्या कडेला निघालेली साल किंवा विळीवर कापलेलं बोट त्याला पुरेसं आहे. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून अशा कुत्र्याला, विशेषतः लस न झालेल्या पिल्लाला किंवा रस्त्यावरच्या कुत्र्याला, हात न लावता खोलीत बंद करा आणि पशुवैद्यकांना फोनवरच ही लक्षणं सांगा. हात आधीच घातला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याचं काय होतंय याची वाट पाहू नका.

रेबीज नसला तरी आंधळेपणाने बोट घालणं वाईटच. जिभेच्या मुळाशी बोटाला टणक लागतं ते बहुधा हायॉइड, म्हणजे कुत्र्याचं स्वतःचं हाड. ते ओढू नका. लस वेळेवर झालेल्या आपल्या कुत्र्याचा श्वास खाता-खाता कोंडला आणि वस्तू समोर दिसत असेल तरच चिमट्याने काढा. दिसत नसेल तर छोट्या कुत्र्याला मागचे पाय वर, डोकं खाली असं धरा. मोठ्याच्या मागून, फासळ्या संपतात तिथे पोटाच्या मऊ भागावर मूठ ठेवून आत आणि पुढच्या दिशेने 5 झटके द्या, मग तोंडात पाहा. हे करतानाच कुणाला तरी गाडी काढायला सांगा.

भाताच्या गोळ्याने श्वासनळीतली वस्तू हलत नाही. अन्ननलिकेत टोकदार हाड असेल तर ते आणखी रुततं.

आणि माणसांचं औषध? काही सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतं, त्याने कुत्र्याचं यकृत आणि तांबड्या पेशी बिघडतात. साखरविरहित सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते. शिवाय म्हाताऱ्या कुत्र्याचा रात्रीचा खोकला हृदयामुळेही असतो, आणि सिरपने त्यावर काहीच उपचार होत नाही. तो गाढ झोपला की छाती वर-खाली झाली म्हणजे एक, असे 30 सेकंद श्वास मोजा आणि दुप्पट करा. आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल तर त्याच दिवशी दाखवा. खोकल्याचा व्हिडिओ सोबत न्या, कारण तपासणीच्या टेबलावर तो बहुधा खोकत नाही.