हवा खाणारी मुळं

आपल्याकडे झाड जगवायचं म्हणजे लाल माती, मूठभर शेणखत आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी. तुळस, जास्वंद, मोगरा यांना हे मानवतं. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला मात्र एवढ्या मायेनं महिना-दोन महिन्यांत स्वर्गवास घडतो. बरं, आजारी असल्याचं कळवायची पद्धतही त्याच्यात नाही. पानं बरेच दिवस तकतकीत राहतात आणि खाली मुळांचा लगदा झालेला असतो.

फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या जंगलात हे झाड जमिनीला पाय लावत नाही. दुसऱ्या झाडाच्या खोडाला चिकटतं आणि मुळं हवेत सोडून देतं. (बांडगूळ नव्हे. यजमानाच्या ताटातलं काही खात नाही, नुसती जागा अडवतं. असे पाहुणे दुर्मीळ.) मुळांवर व्हेलामेन नावाचं मृत पेशींचं आवरण असतं. सर आली की ते झटक्यात पाणी शोषून घेतं, पाऊस थांबला की वाऱ्यावर सुकतं. ही हवा खाणारी मुळं मातीत पुरली की गुदमरणारच.

नर्सरीतून आणलेल्या कुंडीत माती नसते, पण वाळवलेलं शेवाळ (मॉस) ठासून भरलेलं असतं. वरून कोरडं ठणठणीत, गाभ्यात पंधरा दिवस ओलं. म्हणून फुलं संपली की झाड बाहेर काढावं आणि शेवाळ सगळं उपसावं. मधोमध रोपवाटिकेतल्या बालपणीचा एक घट्ट गोळा असतो, तोही चिमट्यानं काढावा. सडायला सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. दाबल्यावर कडक लागतात ती मुळं ठेवायची. ओढल्यावर ज्यांची साल हातात येते आणि मागे दोरा उरतो, ती कापायची. कात्री आधी ज्योतीवर तापवून घ्यावी, नाहीतर एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला पोचतो. काप दिवसभर सुकू द्यावेत.

नवी कुंडी चार-पाच इंची, मुळं जेमतेम मावतील एवढीच, आणि भोकंच भोकं असलेली. दोन भाग पाइनची साल, तुकडे एक-दोन सेंटिमीटरचे, आणि एक भाग लाकडी कोळसा. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या नकोत. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे तर तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवावेत, त्यात क्षार असतात. या मिश्रणात झाड बसवलं की मग चार दिवस पाणी द्यायचं नाही. घरातल्या दयाळू मंडळींना हे चार दिवस काढणं फार जड जातं.

पाण्याचं वेळापत्रक मुळांवर लिहिलेलं असतं. चंदेरी झाली तर पाणी, हिरवी असतील तर हाताची घडी. साधारण उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, तेही छपराखाली ठेवून. द्यायचं तेव्हा सकाळी, खालून धो धो वाहीपर्यंत. बशीत पाणी साचू द्यायचं नाही. आणि पानांच्या मधल्या खोबणीत थेंब राहिला तर टिश्यूच्या टोकानं टिपायचा. जंगलात झाड तिरकं लटकतं, पाणी आपोआप ओघळतं. आपण त्याला शिस्तीत ताठ उभं करतो, मग ते खोबणीत साचून शेंडा कुजतो. फॅलेनॉप्सिसला वाढायला तेवढा एकच शेंडा. तो गेला की खोडातून क्वचित एखादं पिल्लू फुटतं, त्यावर विसंबू नये.

घरात पाणी घालणारे हात मोजून ठेवलेले बरे. सासूबाई सकाळी घालतात, कामाच्या मावशी दहाला घालतात, आणि संध्याकाळी कोणीतरी ‘बिचारं सुकलंय’ म्हणून घालतं. कुंडीवर चिठ्ठी लावून उपयोग नाही, चिठ्ठीही भिजते.

खत म्हणाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समसमान असलेलं, पाण्यात विरघळणारं) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं क्षार धुवायचे. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, केळ्याची सालं या प्रेमळ सूचना ऐकाव्यात, मान डोलवावी आणि सगळं जास्वंदीला घालावं. ऑर्किडच्या कुंडीत त्यानं चिलटं आणि बुरशी एवढंच पीक येतं. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवायचा.

प्रकाश पूर्वेच्या खिडकीतला. पान गर्द बाटलीहिरवं म्हणजे उजेड कमी, लालसर म्हणजे जास्त. दुपारी हाताला तापलेलं लागलं तर जागा बदला.

फुलांसाठी दोन-तीन आठवडे रात्री १६ ते १८ अंशांवर उतरायला हव्यात. पुण्याच्या हिवाळ्यात हे फुकट मिळतं. पारा १२ च्या खाली जाऊ लागला तर कुंडी आत घ्यावी. मुंबईत मात्र डेंड्रोबियम नावाचं ऑर्किड पाळावं आणि सुखी राहावं.

दांडा निघाल्यापासून कळ्या उमलायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे नेमका फेब्रुवारी-मार्च. याच सुमारास घरात हापूसची पहिली पेटी येते, कॉटखाली आढी लागते. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि त्यानं कळ्या पिवळ्या पडून गळतात. तेव्हा आढी आणि ऑर्किड एका खोलीत नांदू शकत नाहीत. कुणी बाहेर जायचं, यावर आमच्या घरी कधीही चर्चा होत नाही. कुंडी गॅलरीत जाते.