सुरक्षा अनुदानाचा हिशेब पालकांपासून गोपनीय नाही

शाळेतील कॅमेरे, ध्वनिक्षेपक आणि सूचनाफलक यांसाठी आलेल्या अनुदानाचा हिशेब गोपनीय असतो, पालकांनी विनियोग प्रमाणपत्रावर (अनुदान ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याच्या दाखल्यावर) फक्त सही करायची असते आणि खर्च झाल्यावर वर काही कळवावे लागत नाही, असा संदेश सोलापुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. अक्कलकोट तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष असलेल्या माझ्या वहिनी त्यावर विसंबून, रकमेचा रकाना कोरा असलेल्या प्रमाणपत्रावर सही करायला निघाल्या होत्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक भाग या सहीचा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा अन्य कोणाकडूनही मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे समितीचे काम म्हणून तेथे स्पष्ट नमूद आहे. तेव्हा कॅमेऱ्यांचे पैसे केंद्राच्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षण योजनेतून आले की एखाद्या कंपनीने दिले, याने काहीही फरक पडत नाही. देखरेख करायची तर बिले, रोकडवही आणि जडसंग्रह नोंदवही (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची यादी) समोर हवी. नोंदवहीत चार कॅमेरे असतील तर भिंतीवरही चार दिसले पाहिजेत, आणि एखादा बंद असेल तर तशी नोंद बैठकीच्या इतिवृत्तात झाली पाहिजे. कोऱ्या रकान्याखाली सही केली, की पुढे कोणीही कोणताही आकडा भरला तरी त्याला आपली संमती ठरते.

वर काही कळवावे लागत नाही, हे तर साफ खोटे आहे. केंद्राच्या अनुदानासाठी सामान्य वित्तीय नियम, 2017 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात अखर्चित रक्कमही दाखवावी लागते.

गोपनीयतेचा मुद्दा अर्धा खरा आहे, एवढे मान्य करावे लागेल. कॅमेऱ्यांतील चित्रीकरण येईल त्याला दाखवू नये, कारण त्यात लहान मुले असतात; बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने शाळांना कॅमेरे बसवायला सांगितले, तेव्हा चित्रीकरण तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवरच ठेवली. पण चित्रीकरण वेगळे आणि कॅमेऱ्यांचे बिल वेगळे.

प्रमाणपत्र आधी समितीच्या बैठकीत ठेवायला लावा, सोबतची बिले पाहा आणि ठराव झाल्यावरच सही करा, असे मी वहिनींना सांगितले आहे. सदस्य सचिव असलेल्या मुख्याध्यापकांनी कागद दाखवलेच नाहीत, तर कोणत्याही पालकाला माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून ते मागता येतात आणि त्यावर 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.