मजा आहे बुवा तुमची!

इगतपुरीच्या डोंगरात घर आहे म्हटलं की नाशिकमधला प्रत्येक जण हेच वाक्य फेकतो. हो ना! शनिवारी पहाटे उठून 45 किलोमीटर गाडी हाणतो, ती काय भजी खायला? कौलं चाळायला!

वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो इथे. लाकूड फुगतं, दार अडकतं. वैतागून रंधा मारा, की उन्हाळ्यात तेच लाकूड आकसतं आणि फटीतून विंचू थेट स्वयंपाकघरात! पुट्टी लावा, आतल्या ओलीने तिचे पापुद्रे. वाळवी तर बिनभाड्याची, वर्षभर मुक्कामाला. आम्ही मालक, तेही फक्त शनिवार-रविवार.

आणि पाहुणे? गावातून मिसळ चापून 11 वाजता उगवणार. मी शिडीवर, तोंडात स्क्रू, हातात ड्रिल. खालून सूचना: "जरा डावीकडे घे रे." "प्लंबरला का नाही बोलावत?" कुठला प्लंबर? "निघालोच साहेब" म्हणाला, त्याला गणपती होऊन दिवाळी आली! पाइप वळवायच्या अर्ध्या इंची एल्बोसाठी घोटीला उतरावं, तर दुकानात फक्त पाऊण इंची. दुसरं दुकान? बंद!

संध्याकाळी हीच मंडळी मी नुकत्याच रंगवलेल्या कठड्याला टेकून धुक्याचे फोटो काढणार. "ओला आहे" हे तीनदा ओरडून सांगितलेलं असतं, पण ऐकतंय कोण? मग शर्टाला रेडऑक्साइड लागलं की तोंडं वाकडी माझ्याकडे बघून. वर फर्माईश, "टर्पेंटाइन आहे का रे? आणि चहा टाक ना!"