लढाईला चौघे, फवारणीला मामा

टेरारिया या कॉम्प्युटर गेममध्ये गॉब्लिनांची, म्हणजे बुटक्या राक्षसांची, टोळी येणार असली की आमच्या घरातली माणसं वेळेआधी हजर असतात. साखरपुड्याच्या दिवशी ‘निघालोच’ असं फोनवर सांगून टॉवेल शोधायला लागणारा माझा मेहुणा चिलखत चढवून, औषधाच्या बाटल्या मोजून सगळ्यांच्या आधी ऑनलाइन असतो. भाची क्लासला दांडी मारते. भाचा मेसचं ताट हॉस्टेलच्या खोलीत घेऊन येतो. कॉलवर नुसता आरडाओरडा. ‘मामा, डावीकडे बघ’, ‘दाजी, छपरावर या’, आणि बघता बघता विजय. मग एकेकाला कामं आठवायला लागतात. कुणाचं सबमिशन, कुणाची सकाळची मीटिंग. मागे उरतात फुटलेली दारं, गावभर सांडलेले काटेरी गोळे आणि मी.

टेरारिया ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2011 साली आलेला हा खेळ. यात जमिनीचा उभा छेद दिसतो. वर आकाश, खाली माती, त्याखाली गुहा, तळाला पाताळ, आणि सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. अगदी लहान जग घेतलं तरी 4200 ठोकळे रुंद आणि 1200 ठोकळे उंच. खणायचं, झाडं तोडायची, घरं बांधायची. मग त्या घरांत नर्स, व्यापारी, सुरुंगवाला असे भाडेकरू राहायला येतात. भाडं कुणीच देत नाही. उलट नर्स जखमा बांधायचे पैसे आपल्याकडूनच घेते.

गॉब्लिनांबद्दल माझी तशी तक्रार नाही. मूळचे 80, आणि ज्याची जीवनशक्ती 200 किंवा त्याहून जास्त आहे अशा प्रत्येक खेळाडूमागे 40. म्हणजे आम्ही चौघे असलो तर 240. हिशेबाने येतात, हिशेबाने मरतात. दारं फोडतात, पण दारं नवी बसवता येतात. जमिनीला ते हात लावत नाहीत. जमीन खाते ती करप्शन.

करप्शन म्हणजे जांभळी पडलेली जमीन. गवत जांभळं, दगड जांभळा, मधे मधे पाताळापर्यंत गेल्यासारख्या वाटणाऱ्या भेगा आणि वरून घिरट्या घालत अंगावर येणारे दातवाले किडे. खेळाच्या पहिल्या भागात ती गवतावरून सावकाश सरकते. शेजारी काही सूर्यफुलं लावली, थोडी पावडर मारली की निभतं. खरा वनवास सुरू होतो तो हार्डमोडमध्ये, म्हणजे खेळाच्या पुढच्या, अवघड भागात, आणि हार्डमोड आपणच सुरू करायचा असतो. पाताळातल्या एका राक्षसाकडे एक बाहुली असते, आपल्याच गावातल्या गाइडची. हा गाइड म्हणजे सज्जन माणूस. पहिल्या दिवसापासून ‘हे असं बनव, ते तसं बनव’ सांगत दारात उभा असतो. त्याची बाहुली लाव्ह्यात टाकली की तो बिचारा जातो आणि वॉल ऑफ फ्लेश नावाची, डोळे आणि तोंड असलेली मांसाची अजस्र भिंत अंगावर चालून येते. ती पाडली की हार्डमोड.

आमचं रीतसर ठरलं होतं. आधी जंगल आणि गावाच्या दोन्ही बाजूंना खंदक खणायचे, मग रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवून खाऊन बाहुली टाकायची. मेहुण्याने ती शुक्रवारी रात्री टाकली. कारण विचारलं तर म्हणाला, “दाजी, बाहुली हातात होती आणि लाव्हा समोर होता.”

यावर काय बोलणार? मग धावलोच सगळे. भिंत पाडली. फोटो काढले. भाच्याने ते घरच्या ग्रुपवर टाकले आणि आमच्या आत्याने त्यावर नमस्काराचे हात पाठवले.

भिंत पडली त्याच क्षणी जगातून दोन तिरके पट्टे आरपार गेले. एक करप्शनचा, दुसरा हॅलोचा. हॅलो म्हणजे पवित्र भूमी. गुलाबी-निळं गवत, इंद्रधनुष्य, पऱ्या, एकशिंगी घोडे. भाची ‘अय्या, किती क्यूट’ म्हणत त्या घोड्याजवळ गेली आणि त्याने तिला शिंगावर घेऊन टेकडीखाली टाकलं. माझं स्पष्ट मत आहे की पवित्र असलं म्हणून अतिक्रमण अतिक्रमणच राहतं, तेही पसरतंच. त्यातल्या त्यात एवढं बरं की हॅलो आणि करप्शन एकमेकांची जमीन गिळत नाहीत. दोघांनाही तुमचीच हवी असते.

हार्डमोडमध्ये करप्शन नुसत्या गवतावर थांबत नाही. दगड, वाळू, बर्फ, सगळ्यांतून जाते, आणि एक बाधित ठोकळा तीन ठोकळ्यांपर्यंत बाधा पोचवतो. आमच्या गावाकडे गाजर गवताचं असंच आहे. 1950 च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलं म्हणतात, आणि आज बांधावरचं उपटून घरी येऊन हात धुवेपर्यंत विहिरीपाशी दुसरं उगवलेलं असतं. फरक एवढाच की गाजर गवताला खाणारा भुंगा सरकारने मेक्सिकोहून आणून सोडला. इथे भुंगाही मीच.

सर्वांत आधी नर्स गेली. तिच्या घराशेजारी जांभळा दगड आला, आणि बाधित जागेत हे भाडेकरू राहत नाहीत. मग मी खणायला घेतलं. तीनच्या पुढे जायचं म्हणून खरं तर चार ठोकळ्यांचा खंदक पुरतो, पण काटेरी वेलींचा भरवसा नाही, म्हणून सहा रुंद. आकाश वगळलं तरी उरलेली खोली खाली पाताळापर्यंत, आणि असे दोन खंदक, एक जंगलाच्या अलीकडे, एक गावापलीकडे. जंगल वाचवायलाच हवं. पुढचा मोठा राक्षस तिथल्या जमिनीखाली उगवणाऱ्या कळीतून येतो. हे मी कॉलवर समजावून सांगितलं. तिघेही ‘हो हो’ म्हणाले. भाची म्हणाली, “मामा, तू खण, काही आलं तर आम्हाला हाक मार.” काहीच आलं नाही.

गावात ड्रायड नावाची एक बाई राहते, अंगावर पानं ल्यालेली. ती शुद्धीची पावडर विकते, 75 तांब्याची नाणी एका पुडीला, आणि पुडीत जेमतेम अंगणाचा कोपरा साफ होतो. शिवाय जगाचा किती टक्का बाधित आहे हे विचारलं तर सांगते. दिवसातून दहादा तिच्या दारात जाऊन टक्का विचारायची मला सवय लागली. बायकोने एकदा मागून येऊन पाहिलं.

“किती राहिलंय?”

“तेरा टक्के.”

“गृहकर्जाची एवढी चौकशी कधी केली नाहीस.”

पावडरीने हे काम होणारं नव्हतं. त्यासाठी क्लेंटॅमिनेटर लागतो, म्हणजे फवारणीचा पंप. तो स्टीमपंकर नावाची बाई विकते, आणि ती गावात येते एखादा यांत्रिक राक्षस मारल्यावर. राक्षस म्हटल्यावर सगळे पुन्हा हजर! डिस्ट्रॉयर नावाचा लोखंडी किडा आला, चौघांनी मिळून त्याचे तुकडे केले, मेहुण्याने विजयाचे फटाके उडवले. पंपाची किंमत प्लॅटिनममध्ये. शंभर सोन्याची नाणी म्हणजे एक प्लॅटिनम. वर्गणी काढली. भाचीने चांदीची चिल्लर दिली आणि पावती मागितली.

पंपात हिरव्या बाटल्या भरायच्या आणि बटण दाबून धरायचं. समोर हिरवा फवारा जातो, भिंतींच्याही आरपार, आणि त्या फवाऱ्यात जांभळा दगड एकेका ठोकळ्याने राखाडी होत जातो, गवत हिरवं होतं. पहिल्या संध्याकाळी मी एक आख्खी टेकडी धुऊन काढली आणि उगाचच कुणालातरी बोलावून दाखवावीशी वाटली. कुणी ऑनलाइन नव्हतं. मग एका सशाला दाखवली.

आणि एके दिवशी मेहुण्याचा मेसेज आला, “दाजी, आज तुम्ही आराम करा, फवारणी मी करतो.” डोळे भरून आले. पंप त्याच्या हवाली केला आणि चहा घेऊन आलो. आकाशात लाल चंद्र होता. या लाल चंद्राच्या रात्री गावातल्या बायकांचं काय बिनसतं कोण जाणे, ड्रायड शुद्धीच्या पावडरीऐवजी बाधेची पावडर विकायला काढते आणि स्टीमपंकरकडे हिरव्या बाटलीच्या जागी जांभळी येते. जांभळी बाटली नेमकं उलटं काम करते. मेहुण्याने ती खोक्याने घेतली होती आणि माझी धुतलेली टेकडी, त्यामागचा माळ, नर्सचं रिकामं घर, सगळं अतिशय मनापासून फवारून काढलं होतं. एक कोपरा सोडला नव्हता. त्याच्या हातून इतकं नीट काम झालेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

“रंग गडद होता दाजी. मला वाटलं एक्स्ट्रा स्ट्राँग असेल.”

पुन्हा फवारलं. टेकडी, माळ, नर्सचं घर, मग भुयारं, मग बर्फाखालच्या त्या गुहा जिथे उभं राहिलं की पाय घसरतो आणि फवारा भलतीकडे जातो. मधल्या काळात घरच्या ग्रुपवर मेहुण्याची वेगळीच तक्रार सुरू होती. त्याच्या वाड्याच्या तळघरातली फरशी कुणीतरी बदलतंय. छान गडद दगड असतात, सकाळी बघावं तर राखाडी. भाचीने आपला हात नसल्याची शपथ घेतली. भाचा म्हणाला सर्व्हरमध्ये बग असेल. मी माझ्या फवारणीत होतो, घरगुती भांडणात पडलो नाही.

टक्का उतरत उतरत एकवर आला आणि तिथेच बसला. हा एक टक्का फसवा असतो. जगात एक, नुसता एक, जांभळा ठोकळा उरला असला तरी ड्रायड शून्य म्हणत नाही, एकच म्हणते. मी नकाशा मोठा करून बोटाने ओळीने बघत गेलो. समुद्राच्या तळाशी गेलो. तरंगत्या बेटांवर गेलो. जुने खंदक परत धुंडाळले. मासे पकडत बसलेल्या भाचीला विचारलं तर म्हणाली, “मामा, एक टक्का चालतो रे. आपल्याकडे नळाच्या पाण्यातसुद्धा असेल.”

शेवटी काही सुचेना म्हणून मेहुण्याच्या वाड्यावर पाणी प्यायला गेलो. तळघरात उतरलो. जमिनीपासून भिंतीपर्यंत एबनस्टोनची फरशी, म्हणजे करप्शनचाच दगड, मशाली लावून चकाकवलेला. कोपऱ्यात पेटीभर राखीव साठा. माझा फवारा भिंतींच्या आरपार जाई, त्याची फरशी राखाडी होई, आणि हा गृहस्थ पेटीतून नवे दगड काढून पुन्हा बसवी.

“दाजी, हे मी लढून आणलेत,” तो म्हणाला.

एबनस्टोनची वीट बनवता येते, ती पसरत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याचं म्हणणं, विटेला तो लूक नाही. भाचा तटस्थ राहिला. भाची त्याच्या बाजूने, कारण तिची मासे ठेवायची खोली तिथेच आहे. मी सर्व्हर सोडायची धमकी दिली, तर तिघेही एकसुरात म्हणाले की सोड, पण पंप इथे ठेवून जा. निकाल शेवटी बायकोने भाजी निवडता निवडता दिला. तिचा सख्खा भाऊ, त्यामुळे अपील नव्हतं. “त्याची फरशी राहू दे. तू त्याच्या घराभोवती खणून घे.”

खणलं. दोन्ही बाजूंना सहा ठोकळे, खालूनही सहा, वाडा हवेत लटकल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज: घराला यायला वाट उरली नाही, पूर्वापार वहिवाट होती, दाजींनी बुजवली. मी म्हटलं बाबा रे, तुझा पूल तूच बांध, लाकडी फळ्या टाक, त्यावरून बाधा जात नाही. ‘बरं’ म्हणाला. इतक्या सहज तो कधी बरं म्हणत नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

रात्री पूल बांधून झाला. एबनस्टोनचा. म्हणाला, फरशीला मॅचिंग.